बारावी आहे, पॉडकास्ट बंद करू का?

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.)

"ताई नमस्कार, मी बार्शीची, या जूनला बारावी सायन्सला आले. नववीपासून माझा ब्लॉग आहे, आधी ब्लॉगस्पॉटवर होता मग मामेभावाच्या कार्डवरून डोमेन (साईटचा पत्ता) आणि होस्टिंग (साईट ठेवायची जागा) घेऊन वर्डप्रेसवर नेला. अकरावीत पॉडकास्ट चालू केला. माझे आजोबा, म्हणजे पप्पांचे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, ते बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या गोष्टी सांगतात आणि मी रेकॉर्ड करते. ऐकणारे चाळीसेक जण. मध्ये मी पुलंच्या कथा वाचून टाकल्या तर त्यांना चारशेच्या वर प्ले आले. वेबसाईटी पण बनवते, एका क्लासची फुकट करून दिली, आता एक मंगल कार्यालयवाले दोन हजार देतो म्हणतायत. पण अकरावीला मार्क कमी पडले आणि पप्पा म्हणतात हे सगळं बंद कर, ॲडमिशन झाली की मग काय करायचं ते कर. मम्मी म्हणते त्यांचं ऐक. मामेभाऊ म्हणतो ब्लॉग आता कोण वाचतं, रील टाक, पैसे पण मिळतील. लातूरहून एकांचा मेल आलाय की त्यांचे वडील पण या रेल्वेत होते, त्याला रिप्लाय करायचा राहिलाय. मला बंद करायचं नाहीये. पप्पांना काय सांगू?
– नॅरोगेज"

नॅरोगेज, नाव झकास घेतलंयस. पण तू आणि पप्पा दोघंही ब्लॉग, पॉडकास्ट आणि वेबसाईटी असं सगळं एकाच गाठोड्यात बांधून भांडताय, ते आधी सोडू. यातलं बरंचसं वर्षभर बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि एक गोष्ट मात्र अशी आहे की ती या वर्षी थांबवलीस तर पुढच्या वर्षी करायला मिळेलच असं नाही.

आधी पप्पांची बाजू, कारण तीच तुला ऐकायची नसणार. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीचा पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा, त्यात मॅथ्स एकटं १००, फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या सिलॅबसमधून येतात. म्हणजे अकरावीला जे कच्चं राहिलं ते गेलं असं नाही, ते आता बारावीसोबत परत करायचंय. आणि कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांना, पर्सेंटाईल बघतात, 'वेबसाईट बनवता येते का, येत असल्यास लिंक द्या' असा रकाना त्या फॉर्मवर नाही. आता गंमत बघ, जी पोरगी आजच साईट उभी करतेय तिला कॉम्प्युटर ब्रँच मिळायला इंटिग्रेशन आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री यायला पाहिजे, मला विचारशील तर हे मलाही धड पटत नाही, पण आहे ते असं आहे आणि पप्पांनी ते ठरवलेलं नाही. तेव्हा घरात वाद घालताना 'छंदाचा पुढं करिअरला उपयोग होतो' ही लाईन वापरू नको. होतो, नक्की होतो, पण फेब्रुवारी ते मे या काळात होत नाही, आणि पप्पांना काळजी त्याच महिन्यांची आहे.

आता तुझा वेळ जातो कुठं ते बघू. तू लिंक दिली होतीस म्हणून मी साईट उघडली. वर फिरणारे पाच फोटो, ते लोड व्हायलाच इतका वेळ की मी तोवर चहा ठेवून आले, मग एक पॉपअप 'सबस्क्राईब करा', खाली व्हिजिटर काउंटर, 'टीम' नावाचं पान आणि त्यात एकटी तू. मेनूत सात नावं, त्यातली तीन पानं 'लवकरच येत आहे'. आणि तूच पत्रात एका ठिकाणी लिहिलंयस की थीम, म्हणजे साईटचं रूपडं, गेल्या महिन्यात परत बदलली. तर राणी, हे ब्लॉगिंग नव्हे, ही रंगरंगोटी झाली, आणि अभ्यासाला बसायचं जिवावर येतं तेव्हा रंगरंगोटी फार गोड लागते, कारण हात चालू असतात त्यामुळे काम केल्यासारखं वाटतं. पप्पांना दारातून जे दिसतं ते हेच. रात्री अकराला पोरगी लॅपटॉपवर निळा बरा का जांभळा बरा बघत बसलीये.

पॉडकास्टचं पण तेच, फक्त तिथं वेळ एडिटिंगमध्ये जातो. ऑडॅसिटीत, म्हणजे त्या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसून आजोबांचा प्रत्येक 'अं' आणि प्रत्येक खोकला कापतेस म्हणतेस, वीस मिनिटांच्या एपिसोडला दोन-दोन रात्री. कशाला? एक तर तो खोकला कापलेला कळतो, वाक्य मध्येच उडी मारतं. दुसरं म्हणजे तिसऱ्या एपिसोडमध्ये आजोबा सांगत होते की आषाढीच्या आधी वर्कशॉपात कशी धांदल असायची, डबे रात्रीतून दुरुस्त करून सोडायला लागायचे कारण पंढरपूरची गर्दी, आणि ते अगदी रंगात आले होते तेवढ्यात तू मध्ये तोंड घालून विचारलंस 'आजोबा, तुमचा सगळ्यात आवडता प्रसंग कोणता?' आणि माणूस गप्प झाला. ते खोकले राहू दे, हा प्रश्न कापायला पाहिजे होता, म्हणजे विचारायलाच नको होता.

आणि आता मुद्द्याचं. साईट थांबू शकते. ब्लॉग थांबू शकतो, पोस्ट काय, तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर पण लिहिशील आणि आजच्यापेक्षा बरी लिहिशील. वेबसाईट बनवणं तर थांबूच दे, ते काम आता एआयला चार ओळी सांगितल्या की बऱ्यापैकी होतं आणि दोन वर्षांनी अजून सोपं झालेलं असेल. पण आजोबा थांबू शकत नाहीत. स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नको, वर्कशॉपात वाफेच्या इंजिनावर हात काळे केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्याकडं जे आहे ते दुसरीकडं कुठं नाही. तुझ्या ब्लॉगची पहिली पोस्ट मी वाचली, बार्शी लाईट १८९७ ला सुरू झाली, कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबांनी बांधली, अडीच फुटी गेज, १९११ ला लातूरपर्यंत, १९२७ ला मिरजेपर्यंत, १९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली. सगळं बरोबर आहे आणि सगळं विकिपीडियावर आहे, ते तू परत टाईप केल्यानं कुणाला काही मिळालं नाही. पण इंजिनात पाणी कुठल्या स्टेशनला भरायचे, पांगरी आणि येडशीच्या मध्ये गाडी कशी चालायची, रुळ ब्रॉडगेज झाले तेव्हा वर्कशॉपातल्या माणसांचं काय झालं, कोणाची बदली झाली, कोण घरी बसलं, हे नेटवर टाकलेलं मला तरी कुठं दिसलं नाही आणि ते आजोबांच्या तोंडात आहे.

म्हणून माझा सल्ला असा की या वर्षी फक्त रेकॉर्ड कर. एडिट नाही, पोस्टर नाही, एपिसोड टाकणं नाही, प्ले किती आले बघणं तर अजिबात नाही. पंधरा दिवसांतून एका रविवारी पाऊण तास, दिवाळीच्या सुट्टीत थोडं जास्त, आणि जानेवारीत प्रॅक्टिकलचं वारं लागलं की पूर्ण बंद. एवढ्यानं तुझी सीईटी बुडत नाही. बुडालीच तर ती थीमनं बुडेल.

कसं करायचं ते सांगते कारण तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये घुमतंय फार. हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती, तिथं आवाज आपटत फिरतो. आजोबांच्या झोपायच्या खोलीत बसा, गाद्या, गोधड्या, कपड्यांची दोरी जे काय असेल ते आवाज पितं. पंखा बंद, आणि बार्शीच्या उकाड्यात पंखा बंद करायला सांगणं म्हणजे अत्याचार आहे म्हणून सकाळी लवकर बसा. फोन एरोप्लेन मोडवर टाकून, घडी केलेल्या टॉवेलवर, आजोबांच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर ठेव. टेबलावर नुसता ठेवलास तर त्यांनी बोट आपटलेलं पण रेकॉर्ड होतं. सुरुवातीला दहा सेकंद कोणीच बोलायचं नाही, ती रिकामी खोली रेकॉर्ड झालेली असली की नंतर ऑडॅसिटीत नॉईज रिडक्शन करताना खोलीचा आवाज कोणता ते दाखवता येतं. कुकरची शिट्टी झाली, आजीनं मागून 'चहा गार होतोय' म्हटलं, होऊ दे. मी तर म्हणेन आजीला आत बोलव, नवऱ्याची गोष्ट चुकतेय हे सगळ्यात आधी तिलाच कळतं आणि दोघांचं जुंपलं की खरी माहिती बाहेर पडते.

प्रश्न मोठे विचारू नकोस. 'तेव्हाचा काळ कसा होता' याला कोणाकडंच उत्तर नसतं, माणूस 'लई चांगला होता' म्हणतो आणि संपलं. सकाळी किती वाजता निघायचा, डब्यात काय न्यायचा, भोंगा व्हायचा का, हाताखाली कोण होतं, पहिला पगार किती आणि तो कुठं खर्च झाला, कोणतं हत्यार स्वतःचं घ्यायला लागायचं, बोटाला ही खूण कशाची. हातात एखादी वस्तू किंवा जुना फोटो दे, त्यावर बोलायला सांग. आणि ते थांबले की तू पण थांब. चार-पाच सेकंद गप्प बसायला तुला जड जाईल, पण त्या गप्पपणानंतर जे येतं ते बऱ्याचदा आधीच्या दहा मिनिटांपेक्षा भारी असतं.

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर घेऊ नको हे वेगळं सांगायला नको पण सांगते, ते आवाज दाबून टाकतं आणि नंतर तो परत फुलवता येत नाही. फोनचं साधं रेकॉर्डर ॲप चालेल, डब्ल्यूएव्हीची (आवाज न दाबता ठेवणारी फाईल) सोय असेल तर ती घे, मोनोत तासाला तीनशे-सव्वातीनशे एमबी होतात, जास्त नाहीत. एक फाईल कोणाला पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फाईलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग २३' ठेवलंस तर दोन वर्षांनी तुलाच कळणार नाही, वर्ष-महिना-दिवस, मग कोण बोलतंय, मग कशाबद्दल, असं ठेव. आणि एक साधी वही कर. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली चारच ओळी, कोणकोणत्या माणसांची नावं आली, कोणती स्टेशनं, कितव्या मिनिटाला काय. ही वही पुढं सोन्याची आहे, कारण तासभराचं बोलणं परत ऐकून शोधत बसायला कोणाकडं वेळ नसतो, तुझ्याकडं तर नाहीच.

फाईल फोनमध्ये एक, आणि त्याच दिवशी दुसरी कॉपी घराच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राईव्हवर, आणि तिसरी गूगल ड्राइव्हवर. नुसतं पॉडकास्टच्या ॲपवर आहे म्हणून निवांत राहू नको. गूगलचं पॉडकास्ट ॲप २०२४ ला बंद झालं, अँकर हे पॉडकास्ट टाकायचं ॲप स्पॉटिफायनं २०१९ ला घेतलं आणि त्यानंतर नाव दोनदा बदललं, आणि याहू जिओसिटीजवर लोकांनी हौसेनं केलेली लाखो पानं २००९ ला पुसली गेली, तेव्हा तू दुपट्यात असशील. कंपनी आपलं सामान सांभाळायला बसलेली नसते. नंतर सगळं झालं की इंटरनेट आर्काइव्ह या जुनं साहित्य जपणाऱ्या साईटवर पण चढवता येईल, तिथं फुकट आहे आणि अशा रेकॉर्डिंगला ती बरी जागा आहे. पण आजोबांना विचारून. त्यांची हो म्हटलेली दोन वाक्यं रेकॉर्डिंगमध्येच घे, 'मी अमुक अमुक, माझं बोलणं नातीनं नेटवर लावलं तर माझी हरकत नाही', तारखेसकट. बाहेरच्या लोकांचं घेशील तेव्हा तर हे हवंच. आणि एखाद्या जुन्या साहेबाबद्दल, कोणी पैसे खाल्ले वगैरे बोलले तर ते आपल्याकडं ठेव, लावू नको. अब्रूनुकसानीचा दावा पॉडकास्टवर पण होतो आणि त्या साहेबाची मुलं-नातवंडं गावातच असतात.

लातूरच्या मेलचं काय करतेयस? चारशे प्लेंबद्दल तू पत्रात अर्धं पान लिहिलंयस आणि या मेलला एक ओळ. तुला ज्या चाळीस लोकांचं वाईट वाटतंय ना, त्यातल्या एकानं स्वतःहून लिहिलंय की माझे वडील पण तिथं होते. म्हणजे दुसरं रेकॉर्डिंग चालत दारात आलंय. आज रिप्लाय कर, दोनच ओळी, वडील कितीचे आहेत, बोलू शकतात का, फोटो किंवा पास-बिल्ला असं काही घरात आहे का. तू लातूरला जायची पण गरज नाही, टॉवेलवर फोन ठेवायची पद्धत त्यांच्या मुलालाच सांग आणि प्रश्न लिहून पाठव. दोन्ही म्हाताऱ्यांना एकदा स्पीकरफोनवर जोडून दिलंस तर तुला प्रश्न विचारायची पण गरज पडणार नाही, फक्त दोन्हीकडं वेगवेगळ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

आता पुलं. हे तुला आवडणार नाही. पु. ल. देशपांडे गेले २००० साली. आपल्याकडं कॉपीराइट लेखक गेल्यानंतर पुढची ६० वर्षं राहतो, म्हणजे हे हक्क २०६० साल संपेपर्यंत आहेत, आणि अख्खी कथा वाचून पॉडकास्टवर टाकायला हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची परवानगी लागते. 'मी पैसे कमवत नाही', 'खाली नाव दिलंय', 'सगळेच टाकतात' यातलं काहीही कामाचं नाही. ते एपिसोड काढ, आजच. वाचायची हौसच असेल तर साने गुरुजी १९५० ला गेले, हरी नारायण आपटे १९१९ ला, यांचं लेखन मोकळं झालंय, मराठी विकिस्रोत या मोकळ्या पुस्तकांच्या साईटवर बघ काय काय आहे ते, फक्त नवीन आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा वाचू नको कारण त्या दुसऱ्या कोणाच्या असतात. सिनेमाच्या गाण्याचं म्युझिक मागं लावलंयस ते पण काढ. आणि हे पण लक्षात घे की ते चारशे प्ले तुझे नव्हतेच, ते पुलंचे होते. चाळीस तुझे आणि आजोबांचे आहेत.

मामेभावाला सांग रील वाईट नाही, आजोबांचा एखादा मिनिटभराचा तुकडा पुढं कधीतरी टाकू. पैशाचं म्हणशील तर ॲडसेन्सला, म्हणजे गूगलच्या जाहिरातींना, १८ पूर्ण लागतात आणि १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, चाळीस वाचकांवर ते जमायला तुझं लग्न होईल. त्याच्याकडून एवढंच करून घे की डोमेन कुठल्या ईमेलवर आहे आणि रिन्यूअल कधी आहे. कार्ड त्याचं, बहुतेक अकाउंट पण त्याचंच असणार, आणि रिमाइंडर त्याच्या न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडत असणार. ते पप्पांच्या किंवा मम्मीच्या नावावर करून घे. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि दुसऱ्या वर्षी बिल बघून डोळे पांढरे होतात, ते पण आत्ताच बघ. डोमेन सुटलं तर तिथं सट्ट्याची साईट उभी राहते आणि खाली तुझ्या जुन्या लिंक तशाच, हे गावातल्या कितीतरी शाळा-संस्थांच्या साईटींचं झालेलं आहे.

वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर ठेवून वर्षभर बघितलंच नाहीस तर जुन्या प्लगइनमधून, म्हणजे साईटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, कोणीतरी आत शिरू शकतं. म्हणून एक रविवार काढ, शेवटचा. टूल्समध्ये जाऊन एक्सपोर्ट कर, ती फाईल जपून ठेव, फोटोंचा फोल्डर वेगळा उतरवून घे कारण एक्सपोर्टच्या फाईलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंका असतात. मग पोस्टी परत ब्लॉगस्पॉटवर टाक नाहीतर वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यावर, तिथं अपडेटचं टेन्शन त्यांना. आणि तुला स्वतःच्या हातानं बनवायची खाजच असेल तर गिटहब पेजेसवर, तिथं पान फुकट ठेवता येतं, साधं एचटीएमएलचं एकच पान, आजोबांचा फोटो, चार ओळी, जुन्या एपिसोडच्या लिंक. त्याला ना डेटाबेस ना प्लगइन, वर्षभर हात नाही लावला तरी तसंच उभं राहतं. 'टीम' पान काढून टाक बाई.

मंगल कार्यालयाचं दोन हजाराचं काम घेऊ नको. दोन हजार ऐकायला बरे वाटतात, पण ते काम दोन हजारात संपत नाही, दर मुहूर्ताच्या सीझनला 'जरा तो रेट बदल', 'जरा हे फोटो टाक', आणि तू केमिस्ट्रीच्या पेपरला निघालेली. १८ च्या खाली केलेला करार कायद्याने धरला जात नाही, म्हणजे त्यांनी पैसे बुडवले तर ते वसूल करणं तुला अवघड जाईल. आणि खरं सांगू का, त्यांना वेबसाईट नकोच आहे. हॉल शोधणारा माणूस गूगल मॅप उघडतो, फोटो बघतो, पार्किंग आहे का बघतो, फोन लावतो. गूगलवर बिझनेस प्रोफाईल फुकट होतं, पत्ता, फोन, पंधरा चांगले फोटो, एसी खोल्या किती, जेवायचा हॉल वेगळा आहे का. हे त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच ईमेलनं, तासाभरात करून दे आणि त्याचे पाचशे घे नाहीतर नाही घेतलेस तरी चालेल, गावात नाव राहील. क्लासवाल्यांचं डोमेन तुझ्या अकाउंटवर असेल तर ते पण त्यांना देऊन टाक.

राहिले पप्पा. त्यांना भाषण देऊ नको, आणि हा लेख पण फॉरवर्ड करू नको, बापाला पेपरातल्या बाईनं शिकवलेलं आवडत नसतं. काय बंद केलंस ते दाखव आधी. साईट हलवली, पुलं काढले, मंगल कार्यालयाला नाही म्हटलं, थीमचं फोल्डर डिलीट केलं, लॅपटॉप रात्री नऊनंतर हॉलमध्ये. मग माग, पंधरा दिवसांतून एका रविवारी पाऊण तास आजोबांबरोबर. आणि टेस्टमध्ये मार्क घसरले तर तो रविवार पण जाईल हे तूच म्हण, त्यांनी म्हणायच्या आधी.

अजून एक. तुझं एवढं मोठं पत्र, त्यात पप्पांनी एकतरी एपिसोड ऐकलाय का हे कुठंच नाही. बहुतेक ऐकला नसणार. ते आजोबा तुझे आजोबा व्हायच्या आधी त्यांचे वडील आहेत, आणि वर्कशॉपच्या पगारावर पप्पा शिकलेत. तो भोंग्याचा, डब्याचा, रात्रपाळीचा काळ पप्पांनी पोराच्या उंचीवरून बघितलाय. एका रविवारी त्यांनाच समोर बसव आणि प्रश्न त्यांना विचारू दे, तू फक्त फोन सांभाळ. मुलगा विचारतो तेव्हा आजोबा वेगळं बोलतील, नातीला सांगताना माणूस बरंच गोड करून सांगतो. जमेल का माहीत नाही, बाप-लेकांचं पटत नसेल तर जोर करू नको.

ता. क. तू शेवटी विचारलंयस की साईटवर 'ल' आणि 'श' हिंदीसारखे का दिसतात. तुझ्या पानाच्या कोडमध्ये सगळ्यात वर भाषा इंग्रजी लिहिलेली आहे, ती आपोआप आलीये. तिथं मराठीचा कोड टाक, एमआर, दोन अक्षरं. मग ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची सोय आहे तो ती अक्षरं बदलून दाखवतो, आणि आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर पण ते मराठी म्हणून वाचायला घेतो. फाँटमध्येच सोय नसेल तर गूगल फाँट्सवर 'तिरो देवनागरी मराठी' आहे, तो लाव. दहा मिनिटांचं काम आहे, साईट हलवशील त्याच रविवारी उरकून घे, आणि त्यासाठी नवीन थीम शोधायला बसू नको.